तिसऱ्या पायरीचं पाणी

अर्धी वाट सरली तेव्हा मावशीनं चपला काढून हातात घेतल्या आणि मागं वळून भाचीला म्हणाली, "काढ तुझ्याही. वाळूत चपला घालून चालणं म्हणजे पायांना उगाच शिक्षा."

"अजून किती लांब आहे गं?"

"तू विचारायला लागलीस म्हणजे बरंच लांब आहे."

सत्तरी ओलांडलेली मावशी पुढं आणि पन्नाशीही न गाठलेली भाची धापा टाकत मागं, असा उलटा प्रकार चालला होता. भाची गावाच्या वरच्या गल्लीत पडदे आणि उशांचे अभ्रे शिवून देते. सकाळी आंघोळ झाली की देवापुढं डोळे मिटून बसायचं आणि मग दिवसभर मशीनवर वाकायचं. एवढीच तिची धाव. मावशीचे पाय मात्र पहिल्यापासून चाकं लावल्यासारखे.

डाव्या हाताला नदीचं साठलेलं पाणी पसरलं होतं, जाड आणि हिरवट, त्यावर वाऱ्याची एक सुरकुती नाही. उजव्या हाताला वाळूच्या उंचवट्यापलीकडं समुद्र होता. दिसत नव्हता, नुसता घुमत होता. आणि समोर, जिथं ही दोघं एकमेकांना भेटायची, तिथं आडवा पडला होता वाळूचा बांध. मावशीला तो बांध बघायचा होता. "यंदा किती जाड झालाय ते डोळ्यांनी बघून येऊ," एवढंच सांगून तिनं भाचीला दुकान बंद करायला लावलं होतं.

हा बांध कुणी बांधलेला नाही. कोरड्या महिन्यांत नदी रोडावते, तिचा जोर ओसरतो आणि समुद्राच्या लाटा वाळू आणून आणून तिच्या मुखावर टाकतात. एक दिवस मुख बंद होतं. मग वरून पाणी येऊ लागलं की ते मागंच साठतं, गावाच्या खालच्या अंगाला चढू लागतं. शेवटी एक तर पाणीच बांध फोडून समुद्रात जातं, नाही तर माणसं जाऊन फोडतात. यंदा तो कुणी फोडायचा आणि कधी, यावरून गावात रण पेटलं होतं. त्या रणात एका बाजूला मावशी होती आणि दुसऱ्या बाजूला जवळपास सगळे.

वाट एका मोठ्या हिरव्यागार लॉनच्या कडेनं जात होती. लॉनच्या टोकाला समारंभांचा हॉल. पूर्वी इथं पाणथळ होती, बगळे उभे असायचे. आता पांढऱ्या खुर्च्या उभ्या असतात. मालकाला सगळे लॉनशेठ म्हणतात. तो कंबरेवर हात ठेवून काठावर उभा होता आणि गवतात शिरलेल्या पाण्याकडं असा बघत होता, जसं काही ते आमंत्रण नसताना जेवायला आलंय.

"मावशी! पाणी कुठवर आलं?" त्यानं लांबूनच हाक मारली.

"जिथवर यायचं तिथवर."

"घरात शिरलं का?"

"शिरेल तेव्हा तुम्हाला निरोप पाठवीन. आधी तुमच्या गवतावरनंच येईल की ते."

"चेष्टा नको मावशी. उद्या सकाळी कचेरीतल्या साहेबांना घेऊन येतोय मी. या वयात, एकटी बाईमाणूस, दारात पाणी... काही बरंवाईट झालं तर आम्ही लोकांना काय तोंड दाखवायचं?"

"आहे तेच दाखवा. लोकांना सवय झालीय त्याची."

भाचीला हसू आवरेना. तिनं तोंडावर हात धरला. शेठही हसला, पण ते हसणं ओठांपुरतं होतं. "उद्या भेटू," म्हणत तो हॉलकडं वळला. मावशी मात्र हसली नाही. थोडं पुढं गेल्यावर चालता चालताच म्हणाली, "एकटी म्हणाला. ऐकलंस?"

"ऐकलं."

"हं," म्हणाली आणि पावलं आणखी झपझप टाकू लागली.

मावशी या गावात लग्न होऊन आली तेव्हा तिच्या नवऱ्याचा होड्या दुरुस्त करायचा धंदा होता. गल्ली जिथं उतरत उतरत पाण्यापाशी संपते तिथलं शेवटचं, सगळ्यात खालचं घर त्यांचं. तळाला कामाची खोली, वर राहायची खोली, मध्ये लाकडी जिना. खालच्या खोलीला पाण्याच्या बाजूनं रुंद दार. होडी पार दारापर्यंत ओढता यावी म्हणून नवऱ्यानं दारापासून पाण्यापर्यंत दगडाच्या पाच पायऱ्या स्वतःच्या हातानं बसवल्या. बसवताना तो गाणी म्हणत असे. गाणं बेसूर आणि काम कसं, तर खालून चौथी पायरी वाकडी बसली. येणारा-जाणारा तिच्यावर ठेचकाळायचा. मावशी रोज तिच्यावरून नवऱ्याचा उद्धार करायची आणि नवरा म्हणायचा, "अगं, तेवढीच तुला माझी आठवण."

होड्यांना आच्छादनं लागतात हे बघून मावशीनं ताडपत्री शिवायला घेतली. जड मशीन, जाड दोरा, सुई अशी की बोटातून गेली तर आरपार. बघता बघता नवऱ्यापेक्षा तिच्याच हाताला जास्त मागणी आली. पाणी चढायला लागलं की दोघं मिळून मशीनला दोर बांधायची आणि छताच्या तुळईला लावलेल्या कप्पीवरून ती वर खेचायची. भाची लहान असताना सुट्टीला यायची तेव्हा तिला हा देखावा फार आवडायचा. काळं अवजड मशीन हवेत लोंबकळतंय आणि मावशी खालून ओरडतेय, "सोडू नका हो, सोडू नका! ते पडलं तर मी तुम्हाला टांगीन तिथं!"

पाणी पाचव्या पायरीला लागलं, म्हणजे उंबऱ्याच्या अगदी खाली आलं, की नवरा वर गल्लीत जाऊन सांगायचा. मग गावातले पुरुष फावडी घेऊन बांधावर जायचे. हातानं वाळू खणणं म्हणजे कंबरेचा काटा ढिला व्हायचं काम, त्यामुळं पाणी अगदी उंबऱ्याशी येईपर्यंत कुणी फावड्याला हात लावत नसे. अनेकदा तर फावडी पोचायच्या आतच पाणी आपलं आपण फुटून निघून गेलेलं असे.

नवरा गेला. होड्यांचं काम बंद पडलं, ताडपत्रीचं राहिलं. पुढं गावात जेसीबी आलं. जे काम करायला गाव दिवसभर घाम गाळायचं ते आता एक माणूस चहा प्यायच्या आत उरकू लागला. सोपं झालं म्हटल्यावर वाट कोण बघणार? पाचव्या पायरीची चौथी झाली, चौथीची तिसरी. कचेरीतल्या साहेबांनी नियमच करून टाकला की खालच्या घराच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलं की बांध फोडायचा. आणि पायरीवर नजर कुणाची? मावशीची. पायरी ओली झाली की ती स्वतः कचेरीत जाऊन वर्दी द्यायची. त्यावरून लोक तिला पायरीवाल्या मावशी म्हणू लागले. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. सगळं गाव आपल्या घरासाठी धावून येतं म्हणून तिची मान जरा ताठ व्हायची.

तिसऱ्या पायरीला पाणी लागतं तेव्हाच लॉनच्या गवतालाही लागतं, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं. एक शेठ सोडून.

मग मासे मरायला लागले. पहिल्या वर्षी थोडे, नंतर दर वर्षी. बांध फोडला की दोन-तीन दिवसांत काठाला पांढरी पोटं तरंगायची आणि वास असा सुटायचा की खिडक्या लावून घ्याव्या लागायच्या. समुद्रातून काही तरी विषारी आत येतंय, असं सगळ्यांचं मत होतं आणि सगळ्यात मोठ्यानं मावशीचं. नदीचं मुखही टिकेनासं झालं. फोडल्यावर जेमतेम महिनाभर राहायचं, की पुन्हा वाळू. तळ उथळ झाला, होड्या घासू लागल्या, होडीवाले एकेक करून दुसरीकडं गेले. मावशीच्या मशीनवर धूळ बसायला लागली.

अशात कुठल्याशा कॉलेजातली एक तरुण बाई पाणी तपासायला येऊ लागली. दोरीला बाटली बांधून पाण्यात सोडायची, वर काढायची, नळीत घालून बघायची. मावशीनं तिचं नाव बाटलीवाली ठेवलं.

"पाणी मोजायला येतेस की माझी पायरी झिजवायला?" मावशीनं पहिल्याच दिवशी तिला टोकलं.

"दोन्ही, मावशी," ती म्हणाली आणि वाकड्या पायरीवर ठेचकाळून जवळजवळ पाण्यातच गेली. मावशीनं दंडाला धरून तिला ओढलं. तिथून दोघींचं जमलं.

त्या दिवशी भाचीही तिथं होती, त्यामुळं पुढचं बोलणं तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. बाटलीवालीनं दोन बाटल्या मावशीच्या हातात दिल्या. एक वरच्या पाण्याची, एक तळाच्या. "दोन्हींचा वास घ्या."

मावशीनं घेतला आणि दुसरी बाटली नाकापासून लांब धरली. "मेलं! हे काय, गटारातलं आणलंस?"

"तुमच्याच नदीचं आहे. वरचं पाणी हलकं, गोडं, त्यात हवा मुरलेली असते. मासे त्यावर जगतात. तळाला खारं जड पाणी बसून राहतं. त्यात पालापाचोळा कुजतो आणि हवा संपून जाते. तुम्ही लवकर, वरवर चर खणून बांध फोडता. मग काय होतं? वरचं चांगलं पाणी भसकन निघून जातं आणि हे शिळं तेवढं मागं उरतं. मासे त्यात गुदमरतात."

"म्हणजे समुद्राचं विष..."

"विष नाही, मावशी. घाई."

बाटलीवाली पुढं सांगत राहिली. पाणी उंच साठून एकदम सुटलं तर त्याला जोर असतो. ते तळापर्यंत ढवळत जातं, वाळू खरवडून घेऊन जातं, मुख खोल होतं आणि मग महिनेच्या महिने उघडं राहतं. कमी उंचीवर सोडलं तर जोर नाही, उलट समुद्रच वाळू आत ढकलतो.

"उंच म्हणजे किती?" मावशीनं विचारलं.

बाटलीवालीनं पायऱ्यांकडं बघितलं, मग दाराकडं. तिला सांगणं जड जात होतं हे भाचीला दिसलं. "पाचवीच्या वर," ती म्हणाली. "बाकीची घरं चढावर आहेत, त्यांना धक्का नाही. पण तुमच्या या खोलीत... गुडघाभर येईल. एखाद्या वर्षी जास्त."

"म्हणजे नदीला श्वास घ्यायचा तर माझ्या घरातून घ्यायचा."

"हो."

मावशीनं हातातल्या बाटल्या पायरीवर ठेवल्या. मग उठली आणि म्हणाली, "चहा टाकते. बसा दोघी."

भाचीला वाटलं, विषय संपला. चहा घेता घेता मावशी इकडचं तिकडचं बोलली, बाटलीवालीच्या कुर्त्याची उसवलेली शिवण बघून तिथल्या तिथं घालून दिली. पण त्याच आठवड्यात गावाच्या सभेत लॉनशेठ उठून म्हणाला, "दर वर्षीप्रमाणे आपल्या मावशींच्या घरात पाणी शिरू नये म्हणून आपण तिसऱ्या पायरीला..." आणि मावशी खुर्ची सरकवून उभी राहिली.

"शेठ, माझं नाव घेऊन तुमचं गवत कोरडं ठेवायचं बंद करा."

सभा हसली, मग हसणं अर्धवट राहिलं.

"अहो मावशी, तुमच्याच भल्यासाठी चाललंय हे."

"माझं भलं करायचं तर आधी मला विचारा. मी सांगते, येऊ द्या पाणी. माझं घर आहे, मी बघून घेईन."

साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमचं म्हणणं कळलं हो मावशी. पण नियम आहे. तुमच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलं की आम्हाला बांध फोडावाच लागतो. आमचा इलाज नाही."

"तिसऱ्या पायरीला लागलं की?"

"हो."

"आणि पायरी कुणाची?"

"पायरी... तुमचीच."

"झालं तर," म्हणून मावशी खाली बसली. पुढची सभा तिनं हाताची घडी घालून ऐकली. शेजारी बसलेल्या भाचीनं मात्र मान वळवून तिच्याकडं बघितलं. आईची बहीण ती. असा गप्प चेहरा तिनं आईचाही बघितला होता आणि त्यानंतर घरात काय व्हायचं तेही.

दुसऱ्या दिवशी गवंडी पहार आणि हातोडा घेऊन मावशीच्या दारात. त्यालाही धीर होईना. "मावशी, चांगल्या पायऱ्या आहेत. तुमच्या मालकांनी बसवलेल्या."

"म्हणूनच सांगतेय, जपून फोड. दगड बाजूला रचून ठेव, कामाला येतील."

"पण का फोडायच्या?"

"गावाला माझ्या पायरीची फार काळजी लागून राहिलीय. त्यांची काळजी मिटवतेय."

पहिली निघाली, दुसरी निघाली. तिसरीला पहार लावली तेव्हा मावशी आत गेली. आतून मशीनचा खडखड आवाज आला, पण भाचीनं डोकावून बघितलं तर सुईखाली कापड नव्हतं. मावशी नुसतीच मशीन चालवत होती. पाचवीही निघाली. चौथी मात्र, ती वाकडी, काही केल्या हलेना. गवंड्यानं सगळा जोर लावला, पहार वाकली, पण पायरी जागची ढळली नाही. शेवटी तो घाम पुसत म्हणाला, "मावशी, ही उचलायची म्हणजे भिंतच काढावी लागेल. मालकांनी खाली काय घातलंय देव जाणे."

मावशी बाहेर आली. त्या एकुलत्या एक वाकड्या पायरीकडं तिनं बघितलं. "राहू दे," म्हणाली. "एवढी वर्षं बोलणी खाऊन टिकलीय, आता कशाला."

गवंड्याकडून तिनं आणखी एक काम करून घेतलं. खालच्या खोलीच्या समोरच्या आणि मागच्या भिंतीला जमिनीलगत मोठी भोकं पाडून त्यांना जाळ्या बसवल्या. गवंडी म्हणाला, "लोक पाणी अडवायला पैसे देतात, तुम्ही आत घ्यायला देताय." मावशी म्हणाली, "पाहुणा येणारच असेल तर समोरून यावा आणि मागून जावा. मध्ये मुक्काम करू नये." विजेची बटणं वर नेली, चूल वर नेली, कपाटाखाली ते निघालेले दगड लावले. मशीनची कप्पी तेल घालून सज्ज केली. परगावी नोकरी करणाऱ्या मुलाचा फोन आला, "आई, तुला काही वेड लागलंय का? विकून टाक ते घर आणि इकडं ये." मावशी म्हणाली, "येईन की. तुझ्या घरात पाणी शिरलं की मदतीला येईन."

पाणी चढू लागलं तसे साहेब टेप घेऊन आले. गल्लीच्या टोकावर उभे राहून त्यांनी खाली बघितलं आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"मावशी, तिसरी पायरी कुठंय?"

"गेली."

"गेली म्हणजे? कुठं गेली?"

"कपाटाखाली."

साहेब माणूस वाईट नव्हते. हसू दाबून त्यांनी कपाळावर हात मारला, वर फोन लावला, बराच वेळ बोलले. शेवटी ठरलं की आहे ती एकच पायरी, चौथी, तीच आता खूण धरायची. तिला पाणी लागेपर्यंत बांधाला हात लावायचा नाही. म्हणजे खूण एक पायरी वर गेली. नवऱ्यानं वाकडी बसवलेली पायरी शेवटी उपयोगी पडली. मावशी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या पायरीवर बसून होती आणि भाचीनं पहिल्यांदाच तिला गुणगुणताना ऐकलं. तेही बेसूर.

पण एक पायरी म्हणजे सगळं नव्हे. चौथीला पाणी लागलं की जेसीबी निघणार, आणि पाणी आता तिच्या बोटभर खाली होतं. पाचवीच्या वर, खोलीत, गुडघाभर. तिथवर ते चढायला हवं होतं, आणि त्यासाठी वेळ हवा होता.

हे सगळं मनात घेऊनच दोघी चालत होत्या. लॉन मागं पडलं, खुरटी झुडपं संपली आणि नुसती वाळू लागली. बांध जवळ आला तसा समुद्राचा आवाज वाढला. बांधाच्या कडेला पिवळं जेसीबी आधीच आणून उभं केलेलं होतं. आत कुणी नव्हतं. पंजा वाळूवर टेकवलेला, जसा कुणी जेवायच्या आधी पानावर हात ठेवून बसलाय.

"बघितलंस?" मावशी म्हणाली. "पायरी ओली व्हायच्या आधीच पंगतीला हजर."

दोघी बांधावर चढल्या. एका अंगाला नदी, शांत, काठोकाठ. दुसऱ्या अंगाला समुद्र, खाली, फेसाळलेला. दोन्हींच्या मध्ये ही वाळूची भिंत आणि तिच्यावर या दोन बायका. नदीची पातळी समुद्रापेक्षा कितीतरी वर होती. भाचीनं ते आधी कधी बघितलं नव्हतं. एवढं पाणी एका बाजूला दाबून बसलंय आणि वाळू त्याला धरून आहे, हे बघून तिच्या अंगावर काटा आला. तिनं नकळत हात जोडले. देवानं नदीला मुख दिलं, तर ते कधी उघडायचं तेही त्यालाच माहीत असणार, असं काहीसं तिच्या मनात आलं. मावशीला ते कळलं असावं.

"जोड, जोड हात," मावशी म्हणाली. "आणि सांग त्याला, जेसीबीवाल्याचा टायर पंक्चर कर म्हणावं."

"मावशी!"

"बरं, राहू दे. एवढ्यातेवढ्यासाठी नको त्याला त्रास." ती वाळूत बसली. भाचीही बसली. "मी लग्न होऊन आले ना, त्या वर्षी मी बघितलं होतं हे आपणहून फुटताना. तुझे काका मला उठवून घेऊन आले. पहाटेच. इथंच, पण पलीकडच्या टेकाडावर उभे होतो. आधी एक बारीक धार गेली. मांजरीनं दूध सांडावं तशी. मी म्हटलं, हे बघायला उठवलंत होय मला? तेवढ्यात ती धार रुंद झाली. मग दोन्ही कडांची वाळू ढासळायला लागली आणि आवाज असा झाला, असा, की मी यांचा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. सगळी नदी उठून चालायला लागली. तळातली काळी घाण, झाडांचे ओंडके, सगळं घेऊन गेली. आणि भरती आली ना, तेव्हा समुद्रातून मासे आत आले. चांदीच्या पट्ट्यासारखे, रांगच्या रांग. पुढं कितीतरी महिने मुख उघडं होतं. त्या वर्षी मी इतक्या ताडपत्र्या शिवल्या की बोटांना घट्टे पडले."

"म्हणून एवढा हट्ट?"

"हट्ट म्हण. मला परत एकदा बघायचंय ते. आणि नुसतं मला नव्हे. त्या बाटलीवालीनं कधीच बघितलं नाहीये, नुसतं मोजलंय." मग जेसीबीकडं बघत म्हणाली, "चौथी ओली झाल्याची वर्दी द्यायची मीच, आणि मी काही घाईनं जाणार नाही. पण शेठ हुशार आहे. पायरीचा डाव फसला, आता माणसाचा डाव टाकतोय. नियमात आणखी एक आहे म्हणे. कुणाच्या जिवाला धोका असेल तर पायरीबियरी बघायचीच नाही, सरळ बांध फोडायचा. उद्या साहेबांना आणून दाखवणार, बघा, एकटी म्हातारी पाण्यात बसलीय. आधी माझ्या पायरीच्या नावानं फोडत होते, आता माझ्या जिवाच्या नावानं फोडणार."

गेले कितीतरी दिवस भाची स्वतःच मावशीला सांगत होती, मुलाकडं जा, नाही तर माझ्याकडं वर येऊन राहा. शेठच्या तोंडून तेच शब्द ऐकताना तिला आज चमत्कारिक वाटलं होतं.

"तुला पाण्याची भीती वाटते, माहितीये मला," मावशी म्हणाली. "लहानपणी माझ्या दारातच गटांगळी खाल्लीस. वाकडीवरून घसरून. मी तुझ्या वेण्या धरून काढलं होतं तुला."

"आठवतंय."

"आणि अजून पोहता येत नाही."

"नाही."

मावशीनं वाळूची मूठ भरली आणि हळूहळू बोटांतून सोडली. ती नेहमी तोंडावर फाडकन बोलणारी बाई, पण आता शब्द शोधत होती. आजवर तिनं भाचीकडं काही मागितलं नव्हतं. दिलंच होतं, अगदी पहिलं मशीनसुद्धा.

"ऐक," ती म्हणाली. "आज संध्याकाळी अंथरूण-पांघरूण घेऊन ये माझ्याकडं. पाणी फुटेपर्यंत राहा. उद्या साहेब आले की जिन्यात दोघी उभ्या राहू. एकटी म्हणायला त्यांना जागाच ठेवायची नाही. खाली पाणी येईल, येऊ दे, जाळीतून येईल आणि जाळीतून जाईल. पोहता येत नाही तर नाही, जिना चढता येतो ना? वरच्या खोलीच्या खिडकीतून सगळं पाणी दिसतं. तू रोज सकाळी देवापुढं बसतेस, ते त्या खिडकीत बस. तुझा देवही घेऊन ये. त्यालाही कळू दे, माणसानं घाई केली नाही तर नदी कशी उघडते. येशील?"